०.२२ रायफलची नळी किती वेळा आणि कशी साफ करावी : गोव्यातील नेमबाजांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे ०.२२ लाँग रायफल काडतुसावर चालणाऱ्या, म्हणजेच ५० मीटरच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या ५.६ मिलिमीटर कॅलिबरच्या रायफलींसाठी लिहिली आहेत. नळीच्या निगेविषयीचे जे लिखाण आपल्यापर्यंत पोहोचते ते बहुतांशी थंड आणि कोरड्या हवेच्या देशांतले असते. मांडवी-जुवारीच्या काठी, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे ते जसेच्या तसे लागू पडत नाही. म्हणून येथे दोन कामे कटाक्षाने वेगळी ठेवली आहेत. नळीत साचलेली घाण काढणे हे एक काम आणि नळीचे पोलाद गंजू न देणे हे दुसरे. पहिले काम गरजेपुरतेच करावे; दुसरे मात्र गोव्यात कधीही टाळू नये.

गोळी झाडल्यावर नळीत नेमके काय मागे राहते?

०.२२ ची गोळी शिशाची असते. मोठ्या कॅलिबरच्या गोळीसारखे तांब्याचे जाड आवरण तिच्यावर नसते. साधारण २.६ ग्रॅम वजनाच्या या गोळीला बाहेरून मेणाचा किंवा चरबीचा लेप दिलेला असतो आणि स्पर्धेची काडतुसे हाताळताना तो बोटांना चिकट लागतो. गोळी सुटली की या लेपाचा अतिशय पातळ थर नळीच्या आतून बसतो. त्याच्या जोडीला जळलेल्या दारूची काजळी, शिशाचे सूक्ष्म कण आणि काडतुसाच्या कडेत भरलेल्या स्फोटक मिश्रणाचे अवशेष असतात. ठिणगीसाठी घर्षण व्हावे म्हणून या मिश्रणात काचेची बारीक पूड घालण्याची पद्धत ०.२२ मध्ये रूढ आहे. नळीत रॉड निष्काळजीपणे मागेपुढे केल्यास पोलादावर जे ओरखडे उठतात, त्यांत या कठीण कणांचा वाटा मोठा असतो.

लेपाचा पातळ थर अपायकारक नाही. उलट प्रत्येक पुढची गोळी त्याच थरावरून सरकत जाते आणि तो एकसारखा असेल तोवर गोळ्या एकसारख्या जातात. खरी अडचण होते ती चेंबर (काडतूस बसते ती जागा) संपून रायफलिंग (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) जिथे सुरू होते त्या जागी. काडतुसाच्या तोंडाशी काजळी, शिसे आणि काचेचे कण एकत्र दाबले जाऊन तेथे एक कठीण कडे तयार होते, आणि नळीच्या तळाकडच्या बाजूला, घड्याळातील सहाच्या दिशेला, ते अधिक जाड असते. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, काढून मागून टॉर्चच्या उजेडात पाहिल्यास चकाकत्या पोलादात ही काळपट, निस्तेज पट्टी डोळ्यांना दिसते. ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका, फुगण्याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

मग नळी किती वेळा साफ करावी?

सर्व रायफलींना लागू होईल असा एकच आकडा नाही, तरी नवशिक्याला कोठून तरी सुरुवात करावी लागते. प्रत्येक सरावानंतर चेंबर आणि त्याच्या पुढची दोन-तीन बोटे जागा फेल्टने (नळीच्या मापाच्या नमद्याच्या बोळ्याने) पुसावी व नळीतून एक-दोन कोरडे फेल्ट काढावेत. सॉल्व्हंट (घाण विरघळवणारा द्रव) लावून करायची पूर्ण सफाई ३०० ते ५०० गोळ्यांनंतर पुरते. ब्रॉन्झचा ब्रश याहूनही क्वचित, हजारेक गोळ्यांच्या आसपास, आणि तोही चेंबरपुढचे कडे सॉल्व्हंटने सुटत नसेल तरच वापरावा. थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने झाडण्याच्या प्रकाराच्या) पात्रता फेरीच्या ६० गोळ्या आणि त्यापूर्वीच्या अंदाजाच्या गोळ्या धरल्या, तर पाच-सहा पूर्ण सरावांमागे एक पूर्ण सफाई असा हा हिशेब पडतो.

पुढचा आकडा मात्र प्रत्येकाने आपल्या रायफलीकडूनच काढून घ्यावा. त्यासाठी एक वही ठेवावी आणि तीत दिनांक, झाडलेल्या गोळ्या, काडतुसांचा लॉट (एकाच खेपेत बनलेला साठा), हवा आणि सफाई यांची नोंद करावी. ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, त्यामुळे नळीचा बारीकसा बिघाडही कागदावर दिसल्यावाचून राहत नाही. टेकूवर ठेवून, त्याच लॉटच्या काडतुसांनी घेतलेला ग्रुप नेहमीपेक्षा मोठा येऊ लागला, की मागच्या सफाईनंतर किती गोळ्या झाल्या ते वहीत पाहावे. दोन-तीन वेळा साधारण तोच आकडा आला, की तो आपल्या नळीचा आकडा समजावा आणि त्याच्या थोडे आधी सफाई करावी. एखादी नळी २५० वरच कुरकुरते, तर दुसरी ८०० पर्यंत बिनतक्रार चालते.

‘०.२२ ची नळी कधी साफच करू नये’ असे काही जुने नेमबाज सांगतात. ते खरे आहे का?

ते अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या भागाला भक्कम आधार आहे. ०.२२ मध्ये दारू अगदी थोडी असते, उष्णता आणि दाब कमी असतो आणि गोळी मऊ असते, त्यामुळे गोळ्या झाडून नळी झिजायला फार मोठा काळ लागतो. ज्या नळ्या वेळेआधी निकामी झालेल्या दिसतात त्यांतल्या पुष्कळ नळ्या वाकलेल्या सळईने, पोलादी ब्रशने किंवा नळीच्या तोंडाकडून, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या टोकाकडून, केलेल्या सफाईने बिघडलेल्या असतात. हे पाहिलेला माणूस ‘हातच लावू नका’ असे सांगतो, त्यात नवल नाही. परंतु चेंबरपुढचे कडे आपोआप जात नाही. शिवाय हा सल्ला कोरड्या हवेत वाढलेला आहे. वाळपई किंवा म्हापशाच्या घरात जुलै महिनाभर काजळी तशीच ठेवलेली नळी आणि एखाद्या कोरड्या प्रदेशातील तशीच नळी यांची अवस्था सारखी राहत नाही.

गोव्याच्या हवेने नेमका काय फरक पडतो?

हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेली की पोलाद गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. किनारपट्टीवर, म्हणजे कळंगुट, मिरामार, कोलवा अशा भागांत, यात समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या कणांची भर पडते. मिठाचा कण हवेतील पाणी स्वतःकडे ओढतो आणि पोलादावर ओलाव्याचा ठिपका धरून ठेवतो. हाताच्या घामातही मीठच असते. त्यामुळे आतून स्वच्छ असलेल्या रायफलीच्या नळीवर बाहेरून बोटांच्या ठशांच्या आकाराचा तांबूस गंज उमटलेला दिसतो.

दुसरा धोका अनेकांच्या लक्षात येत नाही, तो वातानुकूलित खोलीचा. थंड खोलीतून रायफल बाहेरच्या दमट हवेत आणली की चष्म्याच्या काचांवर जसे दव धरते तसेच ते पोलादावर धरते, आणि नळीच्या आतही धरते, जिथे ते कोणाला दिसत नाही. म्हणून एसीतून बाहेर येताना रायफल बंद पेटीतच ठेवावी आणि ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, पेटी उघडू नये. पेटीच्या आतला फोम ओला झाला असेल तर तो उन्हात पूर्ण वाळेपर्यंत त्यात रायफल ठेवू नये. ओल्या फोममध्ये ठेवण्यापेक्षा ती उघडी राहिलेली बरी.

सफाईसाठी कोणते सामान घ्यावे?

पैसे मोजके असतील तर ते आधी रॉड आणि बोअर गाईड यांवर खर्च करावेत; सॉल्व्हंट आणि तेल स्वस्तातले चालते. रॉड एकसंध असावा, त्यावर प्लास्टिकचे आवरण असावे किंवा तो कार्बन फायबरचा असावा, आणि त्याची मूठ बेअरिंगवर फिरणारी असावी, म्हणजे पुढचा फेल्ट रायफलिंगच्या पिळाबरोबर वळत जातो. ०.२२ च्या नळीत हा पिळ बहुधा १६ इंचांत एक फेरा असा असतो. तीन तुकडे जोडून होणारा रॉड अचूक रायफलीसाठी घेऊ नये, कारण सांध्याची कडा रायफलिंगच्या उंचवट्यांवर घासते. उघड्या ॲल्युमिनियमचा रॉडही टाळावा. धातू मऊ असल्याने त्यात काचेचे आणि काजळीचे कण रुततात आणि रॉडच कानस होऊन बसतो.

बोअर गाईड म्हणजे बोल्टच्या जागी बसणारी नळी. रॉड तिच्यातून गेला की तो सरळ राहतो, चेंबरच्या कडेला लागत नाही आणि सॉल्व्हंट चापाच्या यंत्रणेत गळत नाही. त्यापुढे योग्य मापाचे फेल्ट किंवा सुती पॅच, पॅच धरून ठेवणारे रॉडचे टोक म्हणजे जॅग, एक ब्रॉन्झचा ब्रश, काजळी व शिसे काढणारे सौम्य सॉल्व्हंट, पातळ खनिज तेल आणि नायट्राइलचे हातमोजे एवढे पुरते. पोलादी ब्रश घरात आणूच नये.

पूर्ण सफाई टप्प्याटप्प्याने कशी करावी?

प्रथम काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मॅगझिन काढावे, बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे आणि मगच बोल्ट बाहेर काढावा. रायफल रिकामी आहे हे माहीत असले तरीही हे करावे. त्यानंतर ती स्टँडवर अशी ठेवावी की नळीचे तोंड मागच्या भागापेक्षा किंचित खाली राहील. द्रव पुढे वाहतो आणि दस्ता व चाप कोरडे राहतात. तोंडाखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे.

बोअर गाईड बसवून पहिला फेल्ट कोरडाच ढकलावा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात, पण सुटी काजळी आणि काचेचे कण द्रवात कालवून नळीभर फिरवण्यापेक्षा ते आधीच बाहेर गेलेले चांगले. हा फेल्ट नळीच्या तोंडातून बाहेर पडतो तेव्हा काळा आणि मेणचट असतो. शिसे जमले असेल तर त्याच्या कडेवर करडी, चंदेरी चमक दिसते. तोंडातून बाहेर पडलेला फेल्ट किंवा पॅच तिथेच काढून टाकावा आणि रॉड सावकाश मागे घ्यावा. मळका पॅच पुन्हा नळीतून मागे ओढू नये. रॉड मागे घेताना त्याचे टोक नळीच्या तोंडाच्या कडेला आपटू नये, आणि प्रत्येक फेरीनंतर रॉड पुसून घ्यावा.

आता सॉल्व्हंटने भिजवलेले, पण निथळणार नाहीत असे दोन पॅच एकामागून एक काढावेत आणि नळी पाच ते दहा मिनिटे तशीच राहू द्यावी. सॉल्व्हंटला वेळ दिला की जोर लावावा लागत नाही, आणि सफाईतले बहुतेक नुकसान जोर लावल्यानेच होते. नंतर आणखी एक-दोन ओले पॅच आणि त्यामागून कोरडे पॅच काढावेत. शेवटचा पॅच शुभ्र निघाला पाहिजे असा आग्रह धरू नये. फिकट राखाडी निघाला की काम झाले. त्यापुढे पॅच काढत राहिल्याने नळीतून घाण नव्हे, तर फक्त पुन्हा बसवावा लागणारा लेपाचा थर निघतो.

चेंबर वेगळे पुसावे, कारण ते नळीपेक्षा रुंद असते आणि नळीतून जाणारा फेल्ट त्याला नीट टेकत नाही. बोल्टचा दर्शनी भाग आणि एक्स्ट्रॅक्टरची (रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या भागाची) नखी यांत अडकलेला मेणाचा लगदा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढावा. बोल्टच्या लॉकिंग लगवर (बोल्ट बंद धरणाऱ्या उंचवट्यांवर) ग्रीसचा अगदी लहान ठिपका द्यावा. नळीचे तोंड मऊ कापडाने आतून बाहेर पुसावे. त्यावरची काजळीची पांढुरकी-काळी नक्षी खरवडून काढण्याची गरज नाही. अखेरीस संपूर्ण धातू तेलाच्या फडक्याने पुसून घ्यावा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी पोलादाला हात लावू नये.

ब्रश वापरायचाच झाला तर काय सांभाळावे?

ब्रश सॉल्व्हंटने ओला असावा, तो मागून आत घालावा आणि तोंडातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत एका दमात ढकलावा. नळीच्या मध्यावर दिशा बदलल्यास तारा दुमडून अडकतात. बाहेर आलेला ब्रश तोंडाशीच आटे फिरवून काढावा आणि रिकामा रॉड मागे घ्यावा, म्हणजे तारांची टोके तोंडाच्या कडेवरून ओढली जात नाहीत. पाच-सहा फेऱ्या पुष्कळ होतात. फक्त चेंबरपुढचे कडे काढायचे असेल तर ब्रश तेवढ्याच जागेत मागून गोल फिरवावा. संपूर्ण नळीला शिक्षा कशाला?

पॅचवर निळसर-हिरवा रंग येतो. नळीत तांबे साचले आहे का?

साध्या शिशाची गोळी वापरत असाल तर नाही. अमोनिया असलेले सॉल्व्हंट पितळेचा जॅग आणि ब्रॉन्झचा ब्रश यांच्यावरच काम करते, आणि पॅचवर येणारा रंग त्यांचा असतो. ही सॉल्व्हंटे तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांसाठी असतात. ०.२२ ला त्यांची गरज पडत नाही, आणि ती नळीत बराच वेळ राहिल्यास पोलादालाही बाधू शकतात.

एनसीसीत आम्हाला पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंधी वापरायला शिकवले. ते चुकीचे आहे का?

चुकीचे मुळीच नाही. एनसीसीची ०.२२ डिलक्स रायफल अनेक कॅडेटच्या हातांतून जाते, ती मैदानावरच साफ करावी लागते, आणि तेथे रॉडपेक्षा दोरी अधिक सुरक्षित ठरते. मात्र दोरी नेहमी चेंबरच्या बाजूने सोडावी आणि नळीच्या अगदी सरळ रेषेत ओढावी. दोघांनी मिळून काम केले तर एकाने रायफल धरावी आणि दुसऱ्याने ओढावे. दोरी तिरपी ओढली की ती दरवेळी तोंडाच्या एकाच बाजूला घासते आणि कालांतराने तेथे खाच पडते. गोळी नळी सोडण्याच्या क्षणी वायू सर्व बाजूंनी समान सुटला पाहिजे. तोंडाची कडा एका अंगाने झिजली की तो तसा सुटत नाही आणि गोळी भरकटते. मळलेली दोरी धुऊन वाळवावी, आणि तुटायला आलेली दोरी तत्काळ टाकून द्यावी, कारण नळीच्या मध्यावर तुटलेली दोरी काढणे हे मोठे जिकिरीचे काम होते. चिंधी फार जाड घेऊ नये.

ज्या अर्धस्वयंचलित रायफलींत मागून रॉड घालायला वाटच नसते, त्यांच्यासाठीही हीच दोरीची पद्धत उत्तम आहे. तोंडाकडून रॉड घालणे अटळच असेल तर तोंडावर बसणारे गाईड वापरावे.

घरातले खोबरेल, केरोसीन किंवा डब्ल्यूडी-४० चालेल का?

खोबरेल नको. ते २४ अंशांच्या आसपास थिजते, हवेने खवट होते आणि इतर वनस्पती तेलांप्रमाणेच कालांतराने चिकट होऊन बोल्ट आखडतो. केरोसीन मेण आणि ग्रीस विरघळवते खरे, पण उडून गेल्यावर पोलादावर संरक्षक थर मागे ठेवत नाही. ते वापरले तर लगेच तेल द्यावेच लागते. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी तयार केलेले मिश्रण आहे. रेंजवरून येताना पावसात रायफल भिजली तर ते फवारून पाणी काढणे योग्यच, परंतु नंतर ते पुसून खरे तेल लावावे, कारण त्याचा थर आपल्या पावसाळ्यापुढे टिकत नाही. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल मात्र रोजच्या वापराला चांगले आहे आणि ते पणजी-मडगावात सहज मिळते.

कोणतेही तेल असो, थर पातळ हवा. तेलाचा एक पॅच आणि त्यामागून एक कोरडा पॅच काढला तरी जे उरते ते गंज रोखायला पुरेसे असते. आणि झाडण्यापूर्वी नळी व चेंबर कोरडे पुसणे बंधनकारक समजावे. तेलकट चेंबरमुळे काडतूस भिंतींना धरत नाही आणि बोल्टवर येणारा मागचा दाब वाढतो. तेलापेक्षाही गंभीर धोका नळीत अडकून राहिलेल्या पॅचचा असतो. त्याच्यावर गोळी झाडल्यास नळी फुगते आणि माणसालाही इजा होऊ शकते. म्हणून बोल्ट बसवण्यापूर्वी नळीतून आरपार उजेड पाहावा.

सफाईनंतरच्या पहिल्या गोळ्या भरकटतात. असे का?

लेपाचा थर निघून गेलेला असतो आणि तो पुन्हा बसेपर्यंत गोळ्यांना एकसारखा पृष्ठभाग मिळत नाही. बहुतेक नळ्या १० ते २० गोळ्यांत स्थिरावतात. किती लागतात तेही वहीत लिहावे. यावरून निघणारा नियम मी सर्वांत ठामपणे सांगेन : स्पर्धेच्या आदल्या रात्री नळीची पूर्ण सफाई करू नये. ती आठवडाभर आधी करावी आणि त्यानंतर एक-दोन सराव व्हावेत. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशन अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीत गुण असे दशांशात मोजले जातात, आणि तिथे नळी स्थिरावण्यासाठी गोळ्या खर्च करण्याची चैन कोणालाही परवडत नाही.

काडतुसाचा ब्रँड बदलल्यावरही हेच होते. एलीचा लेप घट्ट मेणासारखा, तर एसके आणि लापुआचा अधिक मऊ व तेलकट असतो. एकाच्या थरावरून दुसऱ्याची गोळी लगेच नीट जात नाही. दोन ब्रँडची तुलना करायची असेल तर मध्ये फेल्टने नळी पुसून नव्या काडतुसाच्या वीसेक गोळ्या आधी झाडाव्यात. असे न करता काढलेला निष्कर्ष त्या काडतुसावर अन्याय करणारा ठरतो.

पावसाळाभर रायफल वापरायची नसेल तर ती कशी ठेवावी?

पुरुमेताची खरेदी होते त्याच सुमारास, म्हणजे मे महिन्यात, पूर्ण सफाई करून नळीला आतून-बाहेरून तेल द्यावे. या वेळी थर नेहमीपेक्षा थोडा जाड चालेल. रायफल आडवी किंवा तोंड खाली करून ठेवावी. तोंड वर ठेवल्यास तेल हळूहळू उतरून दस्त्याच्या लाकडात आणि चापात मुरते. नळीच्या तोंडात कापूस किंवा बूच घालू नये, कारण ओल आत कोंडते. चामड्याची आणि कापडी पेटी प्रवासापुरती ठीक आहे, ठेवणीसाठी नाही. लोखंडी कपाटात सिलिका जेल ठेवावे आणि रंग बदललेले जेल तापवून पुन्हा वापरावे. निळे जेल गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले आहे असे समजावे. आपल्या पावसात हे पाहता पाहता होते, त्यामुळे जेल एकदा ठेवून चवथीपर्यंत विसरून चालत नाही. दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून नळीतून एक पांढरा पॅच काढावा. तो तांबूस निघाला तर नळी त्याच दिवशी साफ करून पुन्हा तेल द्यावे. पॅच स्वच्छ असेल तर तेलाचा एक पॅच पुरे.

निवडणुकीच्या काळात हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. तेव्हा काय करावे?

हा प्रश्न नेमबाजांपेक्षा सत्तरी, सांगे आणि काणकोण भागातील काजू-बागायतदारांकडून अधिक येतो, कारण रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पिके राखण्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक असते. आदेश निघाल्यावर घाईघाईत, काजळीसह हत्यार देऊ नये. जमा करण्यापूर्वी पूर्ण सफाई करावी, पावसाळी ठेवणीसारखे तेल द्यावे आणि शक्य असल्यास गंजरोधक कागदात गुंडाळावे. ‘नळीत तेल आहे, वापरण्यापूर्वी पुसावे’ अशी चिठ्ठी चापाला बांधावी. पावतीवर हत्याराचा क्रमांक तपासावा. परत मिळाल्यावर तिथेच बोल्ट उघडून नळी पाहावी, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी ती साफ करावी. बारा बोअरच्या गुळगुळीत नळीची पद्धत याहून सोपी आहे, कारण तिथे रायफलिंग जपायचे नसते. गंजाचा नियम मात्र तोच.

स्टेनलेस नळीला तेल लागत नाही, हे खरे का?

नाही. नळीसाठी वापरतात ते स्टेनलेस पोलाद भांड्यांच्या पोलादाहून वेगळे असते. ते यंत्रावर नीट कापले जावे म्हणून त्याची गंज न धरण्याची क्षमता काहीशी कमी ठेवलेली असते. खाऱ्या हवेत त्यावर बारीक खड्डे पडतात. ते कमी वेगाने गंजते, एवढीच सवलत समजावी.

बोअरस्कोपने पाहिल्यावर नळी खूप खराब दिसते. काळजी करावी का?

स्वस्त बोअरस्कोप, म्हणजे नळीत घालून आतले पाहायचे कॅमेरे, हल्ली सहज मिळतात आणि त्यांनी जितक्या शंका फेडल्या तितक्याच निर्माण केल्या आहेत. पडद्यावर कित्येक पटींनी मोठी झालेली कारखान्यातील यंत्राची रेघही भयंकर दिसते. चेंबरपुढचे कडे निघाले की नाही हे पाहण्यासाठी बोअरस्कोप उपयोगी आहे, पण सफाई करायची की नाही हा निर्णय कागदावरचा ग्रुप पाहून घ्यावा. चांगल्या मारणाऱ्या नळीला केवळ दिसण्यासाठी घासणीचा लगदा लावू नये.

दहा मीटरच्या हवेच्या रायफलीलाही हेच लागू आहे का?

फक्त फेल्टपुरते. ४.५ मिलिमीटरच्या हवेच्या रायफलीत दारू नसल्याने काजळी साचत नाही. अधूनमधून मागच्या बाजूने कोरडे फेल्ट काढले की भागते. स्प्रिंगच्या रायफलीच्या नळीत खनिज तेल अजिबात घालू नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेते आणि सील खराब होते. सॉल्व्हंटही रबराच्या सीलपासून दूर ठेवावे.

सफाई करताना आरोग्याची काय काळजी घ्यावी?

नळीतून निघणाऱ्या काजळीत शिसे असते, आणि ते त्वचेपेक्षा हातातून तोंडात जाण्याचा धोका मोठा असतो. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, काम चालू असताना चहा घेऊ नये आणि झाल्यावर थंड पाण्याने व साबणाने हात धुवावेत. जेवणाच्या टेबलावर किंवा लहान मुले रांगतात त्या जमिनीवर सफाई करू नये. वापरलेले पॅच बंद पिशवीत घालून टाकावेत. ते चुलीत किंवा अंगणातल्या पाचोळ्यात जाळू नयेत. शिसे धुरातून आणि राखेतून पुन्हा घरातच येते.

दिल्ली किंवा पुण्याला स्पर्धेसाठी विमानाने जाताना सफाईचे सामान नेता येते का?

रॉड, गाईड आणि कोरडे फेल्ट चेक-इनच्या सामानात नेता येतात. ज्वलनशील सॉल्व्हंट आणि फवाऱ्याचे डबे दाबोळी असो वा मोपा, दोन्हीकडे अडवले जातात, म्हणून ते घरीच ठेवावेत. स्पर्धेच्या दोन-चार दिवसांत कोरड्या फेल्टपलीकडे काही लागतही नाही. रस्त्याने घाट चढून जाणाऱ्यांनी पोहोचल्यावर पेटी उघडून रायफल पुसावी, विशेषतः प्रवास पावसातून झाला असेल तर.

सफाई करूनही ग्रुप सुधारत नसेल तर?

नळीला दोष देण्यापूर्वी दस्त्याचे स्क्रू ठरलेल्या ताणाला आहेत का, साइट सैल झाली आहे का आणि काडतुसांचा लॉट बदलला आहे का, हे तपासावे. नंतर नळीच्या तोंडाची कडा भिंगाखाली पाहावी आणि कापसाचा बोळा तिच्यावरून आतून बाहेर हलकेच फिरवावा. तंतू एखाद्या ठिकाणी अडकले तर तेथे खरचटा आहे. तो घरी कानशीने किंवा पॉलिश पेपरने काढण्याचा प्रयत्न करू नये. तोंड पुन्हा कापून घेणे हे लेथवरचे काम आहे आणि ते परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. त्याच्याकडे रायफल सोपवताना सोबत परवाना न्यावा आणि नोंदीची वहीही दाखवावी, कारण ग्रुप कधीपासून आणि किती गोळ्यांनंतर बिघडला हे त्याला तीतूनच कळते.